न फिरवलेलं ताट

वर्षातून एकच दिवस आम्पारोची खानावळ बंद असे, आणि तो दिवस कोणता हे जुन्या शहराच्या तटाच्या आतल्या भटक्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक होतं. कॉलेजांतली नवी पोरं तेवढी फसत. वह्या काखोटीला मारून दारात येत, रिकामी बाकं बघत आणि विचारत, "काय हो ताई, आज संप वाटतं?" मग कुणी जुनं गिऱ्हाईक त्यांना बाहेर ओढून नेई. "अरे, आज बाल्बुएनांच्या म्हाताऱ्याचं ताट असतं."

आता इरेनियो बाल्बुएनाला म्हातारा म्हणायचं म्हणजे कमालच. चाळिशीसुद्धा न गाठलेला माणूस तो. लढाईच्या शेवटच्या फेब्रुवारीत जपानी शिपाई गल्लीगल्लीतून पुरुष गोळा करत आले, तेव्हा तो याच जागी बसून पेज खात होता. घराला तेव्हा वरचा मजला होता, शिंपल्यांच्या तावदानांच्या खिडक्या होत्या. आता खालची दगडी भिंत तेवढी जुनी, बाकी सगळा पत्रा आणि सिमेंटचे ठोकळे. शिपायानं दारातून बोट दाखवलं आणि इरेनियो उठला. पेज अर्धीच झाली होती. हातातला चमचा त्यानं न बघताच सदऱ्याच्या खिशात टाकला. नदीकाठच्या किल्ल्यात नेलेल्या माणसांपैकी परत आले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यांत तो नव्हता.

तेव्हापासून घरात चांदीचे पाचच चमचे. त्याच्या बायकोला, सालुदला, लग्नात मिळाले तेव्हा सहा होते, दांड्यावर द्राक्षाच्या वेलाची नक्षी असलेले. घर जळालं तरी हे पाच तिनं कमरेला बांधून वाचवले. दर वर्षी टेबलाच्या टोकाला नवऱ्याचं ताट मांडताना ती त्याच्या बाजूला चमचा म्हणून ठेवत नसे. "त्याचा त्याच्यापाशी आहे," म्हणे.

ताटाची दुसरी गोष्ट मात्र तिच्या थोरल्या मुलीची, आम्पारोची होती.

जेवण चालू असताना कुणी उठून बाहेर निघालं, की बाकीच्यांनी आपापलं ताट जागच्या जागी एकदा गोल फिरवायचं. म्हणजे जाणारा सुखरूप पोचतो. हे इथं शेंबड्या पोरालाही शिकवावं लागत नाही. त्या दिवशी सालुदनं ताट फिरवलं. थोरल्या मुलानं, हिल्दोनं फिरवलं. सात वर्षांच्या आम्पारोचं ताट टेबलावर नव्हतंच. ते तिच्या दोन्ही हातांत होतं, तोंडाशी. महिनोन्‌महिने अर्धपोटी राहिलेली पोर ती, पेज संपल्यावर ताट चाटत होती.

त्याच रात्री देवळाच्या फरशीवर, शिपायांनी कोंडलेल्या बायकापोरांच्या गर्दीत, बाहेर तोफा चाललेल्या असताना सालुद तिला म्हणाली होती, "तुझं ताट फिरलं नाही, पोरी."

एवढंच. पुन्हा तिनं कधी उच्चार केला नाही. गरजच पडली नाही, कारण ते काम मावश्यांनी आणि शेजारणींनी आनंदानं केलं. "ती हीच का, ताट न फिरवलेली?" असं आम्पारोच्या तोंडावर विचारणाऱ्या बायकासुद्धा या शहरात होत्या, आणि रविवारी पहिल्या रांगेत बसून प्रार्थना म्हणत होत्या. खानावळीत कुणी गिऱ्हाईक अर्ध्यावर उठलं, तर आम्पारो पळी टाकून धावे आणि त्याच्या शेजाऱ्यांची ताटं स्वतः फिरवून येई. पोरं हसत. हसोत बापडी. फेर्मिन नावाचा एक खलाशी तिच्यासाठी कितीतरी वर्षं थांबला होता. एक माणूस आपण नानायपासून, आईपासून, आधीच काढून घेतलाय, आता स्वतःलाही कसं काढून न्यायचं, असं आम्पारोच्या मनानं घेतलं, आणि फेर्मिन शेवटी सेबू बेटावरच्या एका मुलीशी लग्न करून मोकळा झाला. आता आम्पारो बेचाळिशीची होती, आणि मांस आणि केळी रटरटवून केलेली पोचेरो तिच्यासारखी तटाच्या आत कुणी करत नसे.

त्या दिवशीही पोचेरो चुलीवर रटरटत होती. आधी पेज, मग ती, असा रिवाज.

"झालं! कोरून झालं!" हिल्दो दारातूनच ओरडला. जकातीच्या कचेरीतला माणूस, सदरा असा खळ घातलेला की बसताना कुरकुरायचा. "आत्ताच बघून आलो. ताताय वरून तिसरे. आणि अक्षरांत सोनेरी रंग भरलाय."

किल्ल्यात गेलेल्या पुरुषांची नावं कोरलेली एक शिला देवळामागच्या चौकात बसायची होती. आळीनं वर्गणी काढली होती, आणि समितीचा अध्यक्ष हिल्दो होता. रविवारी पाद्रीबाबा येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडणार होते.

"कुया, तातायचं नाव तिसरं, ते कळलं," चायोंग म्हणाली. "अध्यक्षांचं कितवं?" ही धाकटी; थोरल्या भावाला कुया म्हणे आणि न पाहिलेल्या बापाला ताताय. बाप गेला तेव्हा आईच्या पोटात होती. इस्पितळातली रात्रपाळी संपवून आली होती आणि जांभया देत केळी सोलत होती.

"अध्यक्षांचं खाली असतं. बारीक अक्षरात."

"म्हणजे आहे!"

"गप गं. तुला काय कळणार? तू त्यांना पाहिलंयस का कधी?"

"नाही ना. म्हणून तर मी सुखी. माझं ताटच नव्हतं त्या दिवशी, फिरवायचा प्रश्नच नाही." बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली आणि आम्पारोकडे पाहिलं. आम्पारो पेज ढवळत राहिली. सवय होती.

"तटाची डागडुजी करणारे साहेब आले होते सकाळी," हिल्दोनं विषय बदलला. "म्हणतात, पत्रा काढा. जुन्या स्पॅनिश शहराला शोभत नाही."

"जाळलं तेव्हा कुणी आलं नव्हतं सांगायला, शोभत नाही म्हणून," सालुद टेबलावरून म्हणाली. तिनं काळा झगा घातला होता आणि नवऱ्याच्या रिकाम्या ताटाशेजारची आपली खुर्ची धरली होती. "बसा आता. पेज निवतेय."

बसले, प्रार्थना झाली, इरेनियोच्या ताटात पेज पडली, आणि पहिला घास घेताहेत तोच दारात एक माणूस उभा राहिला. तिशी ओलांडलेला, उन्हानं रापलेला. हातात केळीच्या पानांनी झाकलेली टोपली, आणि तिच्यातून धुरावलेल्या माशांचा वास.

"आज बंद आहे हो," आम्पारो म्हणाली.

"जेवायला नाही आलो. सालुद बाल्बुएना इथंच राहतात ना?"

त्यानं वहाणा दारात काढल्या, आत आला, सालुदचा हात उचलून आपल्या कपाळाला लावला. म्हातारी माणसं बघून सगळेच लावतात, त्यात विशेष काही नव्हतं. घरात पेज वाढलेली आणि समोर माणूस उभा, तर नाव-गाव विचारायच्या आधी त्याला बसवायचं, हीच इथली रीत. आम्पारोनं त्याच्यापुढे ताट ठेवलं, पेज वाढली. चमचा दिला तो मात्र खानावळीतला. चांदीचे चार जणांनी घेतले होते, आणि पाचवा बाहेरच्या माणसाला द्यायचा नसतो.

तो दोन घास जेवला. त्याची नजर टेबलाच्या टोकाच्या ताटावर जात होती.

"त्यांच्या ताटाला चमचा नाही," तो म्हणाला.

"नसतोच," हिल्दो म्हणाला. "लांबलचक गोष्ट आहे."

माणसानं खिशातून रुमाल काढला, उलगडला, आणि उठून त्यातला चमचा इरेनियोच्या ताटाशेजारी ठेवला. दांड्यावर द्राक्षाचा वेल होता. टोक झिजून एका बाजूला तिरकं झालं होतं.

बाहेरून एक घोडागाडी खडखडत गेली, तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत ऐकू आला. आम्पारोच्या हातातला घास तिथंच राहिला. तिला वाटलं, किल्ल्यात कुठं खोदकाम चाललं असेल, हाडं सापडली असतील, हा खोदणाऱ्यांचा माणूस असेल. दुसरं काही तिच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. चायोंगनं आपला चमचा पुसून त्या चमच्याशेजारी धरला. वेल तोच, पानंही तेवढीच.

सगळ्यांत आधी तोंड उघडलं ते सालुदनं.

"केव्हा?" तिनं विचारलं.

"नाताळच्या थोडं आधी."

"कशानं?"

"छाती भरली होती. वय झालं होतं हो. घरीच गेले, झोपेत."

"घरीच? वाटेत नाही?"

"कुठल्या वाटेत?" माणूस गोंधळला. "अंथरुणातच गेले. सगळे जवळ होतो आम्ही."

सालुदनं डोळे मिटले. आम्पारो आईकडे बघत राहिली. तू कोण, हे नानायनं विचारलंच नव्हतं.

"थांबा, थांबा, थांबा," हिल्दो उभा राहिला. "कोण गेलं? कुणाचं वय झालं? ए, तू आहेस तरी कोण?"

"डेल्फिन." त्यानं सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं, आणि मग पुढचं म्हणाला. "डेल्फिन बाल्बुएना. हागोनॉयचा."

"खोटं! साफ खोटं! असले चमचे चोरबाजारात ढिगानं मिळतात!"

"कुया, हा आपल्यातलाच आहे," चायोंग म्हणाली.

"चमच्यावरून माणसं ओळखायला लागलीस?"

"चमच्यावरून नाही. त्याचे कान बघ. मग आरशात स्वतःचे बघ."

हिल्दोचा हात नकळत कानाकडे गेला आणि त्याला स्वतःचाच इतका राग आला की तो मटकन खाली बसला. सदरा कुरकुरला.

डेल्फिननं सांगितलं ते फार नव्हतं. किल्ल्यात आग लागली तेव्हा काही जण भिंतीवरून नदीत पडले, त्यांत इरेनियो होता. पाठ भाजलेली. शिंपले गोळा करणाऱ्या एका बाईनं त्याला होडीत ओढून घेतलं, आणि भरतीबरोबर खाडीखाडीनं उत्तरेला नेलं. ती डेल्फिनची आई. "जन्मभर पालथेच झोपले ते. आणि या चमच्यानंच जेवायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. शेवटी मला म्हणाले, नेऊन दे. संच सहाचा आहे."

"वा!" हिल्दो ओरडला. "चमचा परत करायची आठवण राहिली! आणि पोरं? हागोनॉय काय चंद्रावर आहे? सकाळी निघालं तर दुपारी माणूस इथं असतो. पस्तीस वर्षांत एकदा, एकदा तरी येऊन बघावंसं नाही वाटलं?"

"आले होते की," डेल्फिन म्हणाला, अगदी साधेपणानं. मग सालुदकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे. इथं पत्र्याची झोपडी होती तेव्हा. पेज वाढली होती म्हणाले, कुणीतरी."

"कुणीतरी नाही," सालुद म्हणाली. "मीच वाढली."

आम्पारोच्या कानात घूं झालं. त्यानंतर जे बोलणं झालं ते तिला ऐकू आलं, कळलंही, पण कुणी दुसऱ्याच्या घरातलं बोलत असल्यासारखं.

"लढाईनंतरचा नाताळ नुकता होऊन गेला होता," सालुद सांगत होती. आवाज नेहमीसारखा, बाजाराचा भाव सांगावा तसा. "तुम्ही दोघं डबे घेऊन अमेरिकन शिपायांच्या छावणीवर उरलंसुरलं आणायला गेला होतात. ही चायोंग झोपलेली. मी चूल फुंकत होते, मान वर केली तर दारात उभा. मला वाटलं, भूत आलं. मग म्हणाला, भूक लागलीय. भुतं पेज मागत नाहीत."

"पुढे?" चायोंगनं विचारलं.

"पुढे काय. बसला, जेवला. जेवता जेवता सांगितलं, तिकडे एक बाई आहे, तिनं वाचवलं, आणि आता तिला दिवस गेलेत. मग चमचा खाली ठेवला आणि मलाच विचारलं, 'सालुद, मी काय करू?'" एवढं बोलून ती थांबली, आणि पहिल्यांदा तिचा आवाज चढला. "मला विचारतो! दोन पोरं आणि एक पोटात घेऊन मी त्या देवळाच्या फरशीवर पडले होते, तेव्हा मी कुणाला विचारलं होतं, मी काय करू? ज्या पुरुषाला आपलं घर कोणतं हे बायकोला विचारावं लागतं, त्याला सांगायचं तरी काय? मी म्हटलं, ऊठ. पोरांना तू मेलायस. मेलेलाच राहा."

"आणि ते उठले?"

"उठला. पेज अर्धीच. दुसऱ्यांदा." मग चायोंगकडे बघून, थोडं हळू, "जाताना तुझ्या गालाला बोट लावलं. तू झोपेत तोंड वाकडं केलंस."

चायोंगनं गालावर हात ठेवला आणि तिला एकदम रडू फुटलं. जन्मभर ज्या माणसावरून विनोद केले त्याचं बोट आपल्या गालाला लागलेलं होतं, हे तिला सोसेना. हिल्दो पेजेकडे डोळे लावून बसला होता. दोन्ही कानशिलं लाल झाली होती.

"मी पेढीवरून पैसे काढले," तो पुटपुटला. "शिलेसाठी. पहिली वर्गणी माझी. भाषण लिहून ठेवलंय मी, 'माझे हुतात्मा पिताजी' म्हणून. रविवारी पाद्रीबाबा येतायत. सोनेरी रंग भरून झालाय, नानाय!"

"मग राहू दे की," सालुद म्हणाली. "मेलाय ना आता? खोटं काय आहे त्यात?"

एरवी चायोंग या वाक्यावर आठवडाभर हसली असती. आत्ता कुणी हसलं नाही.

आम्पारोनं हातातला चमचा ताटात ठेवला. तिच्या मनात एक साधी गोष्ट हळूहळू वर येत होती, तळाला बसलेला खडा डाव लावल्यावर वर यावा तशी. ताताय त्या दिवशी मेले नाहीत. माझं ताट फिरलं नाही, आणि ताताय मेले नाहीत. नदीतून निघाले, परत आले, जेवले, पुन्हा गेले, म्हातारे झाले. आणि हे नानायला वर्षाच्या आत कळलं होतं. वर्षाच्या आत. तेव्हा मी आठ वर्षांची होते.

"नानाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "तू त्यांना वाढलंस, तेव्हा तूही जेवत होतीस?"

सालुदनं मुलीकडे पाहिलं. या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखं, आणि तो येऊ नये म्हणून हयातभर देवाला विनवत आल्यासारखं.

"जेवत होते."

"ते उठले तेव्हा ताट फिरवलंस?"

चुलीवरची पोचेरो उतू जाऊन चर्र झालं. कुणी उठलं नाही.

"नाही," सालुद म्हणाली.

"विसरलीस?"

"ताट न फिरवायला विसरावं लागतं होय गं? दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. म्हटलं, जा. पोचू नकोस. तिच्याकडेही पोचू नकोस." तिचे हात आत्ताही झग्याखाली गेले होते. "तिन्हीसांजेला भीती वाटायला लागली. तेव्हा रस्त्यांवर काय थोडं मरण होतं? न फुटलेले बाँब होते, बंदुका घेतलेली टोळकी होती. रात्री खात्रीच पटली. किल्ल्यातून जिवंत सुटलेल्या माणसाला मी बसल्या जागी मारलं. चौकशी करायला तोंड कुठं होतं मला? म्हणून दर साली हे ताट. तुम्ही किल्ल्यातल्या इरेनियोचं म्हणून मांडत होतात. मी वाटेत मेलेल्याचं मांडत होते."

"आणि मी?" आम्पारोनं विचारलं.

"तू काय?"

"मी कुणाचं मांडत होते?" ती उभी राहिली होती, केव्हा ते तिलाच कळलं नाही. "लोक मला काय म्हणतात हे तुला ऐकू येत नव्हतं? एक वाक्य, नानाय. 'तुझ्या ताटानं काही झालं नाही, पोरी.' एवढंच म्हणायचं होतंस. फेर्मिन इथं, या टेबलाशी बसून मला विचारत होता आणि तू तिकडे वाटाणे सोलत होतीस. तेव्हा तरी!"

"म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, मग ताताय कुठं आहेत."

"विचारलं असतं!"

"हो ना. मग काय सांगणार होते?" सालुदची हनुवटी थरथरायला लागली. आम्पारोनं आईला अशी कधी पाहिली नव्हती, दफनांतसुद्धा नाही. "आणि खरं सांगू? ते माझं एकटीचं ओझं होतं, आणि मला एकटीला उचलत नव्हतं. तू काही बोलत नव्हतीस. कामं करत होतीस, वाढत होतीस. मला वाटलं, पेलतंय तुला."

पेलतंय तुला. आम्पारोला वाटलं, कुणीतरी आपल्या मुस्कटात मारली. राग यायला हवा होता तो येतच नव्हता. जिच्यासाठी घर सोडलं नाही, तिनंच आपलं पाप हिच्या ताटात वाढलं होतं, आणि ही ते रोज निमूट जेवत आली होती. आणि तरी त्या म्हातारीच्या झग्याखाली दाबलेल्या हातांकडे बघवत नव्हतं.

या सगळ्याचा राग हिल्दोनं जवळ होता त्याच्यावर काढला. "ऊठ," तो डेल्फिनला म्हणाला. "मासे आणलेस, चमचा दिलास, घर पेटवलंस. झालं तुझं काम. ऊठ आता."

"कुया, तो पाहुणा आहे," चायोंग डोळे पुसत म्हणाली.

"मोठा कोण आहे या घरात?"

"मोठी नानाय आहे. आणि तुझ्या-माझ्याएवढाच हक्क आहे त्याचा, कान बघ म्हटलं ना!"

"भांडू नका," डेल्फिन म्हणाला. तो उठला होता. त्याच्या ताटात अर्धी पेज तशीच होती. "मी असा घोळ घालायला आलो नव्हतो. फक्त एक निरोप राहिलाय. आम्पारो कोण?"

"मी."

"ते जाताना दारातून एकदा वळले होते म्हणे. त्या पहिल्या वेळी. तेव्हा तुम्ही ताट चाटत होतात." तो अवघडला. "पाण्यात असताना तेवढंच डोळ्यांपुढे होतं म्हणायचे. पेज चांगली झाली होती, पोरीला आवडली. माझी उरलेली तिलाच मिळाली असेल, निदान त्या दिवशी तिचं पोट भरलं असेल. दर फेब्रुवारीत हे सांगायचे आम्हाला, आणि हसायचे. तुम्हाला विचारून ये म्हणाले. ती पेज तुम्हाला मिळाली का?"

आम्पारोनं आईकडे पाहिलं.

"नाही," सालुद म्हणाली. "मी झाकून ठेवली होती. परत आला तर हवी म्हणून. घराबरोबर जळाली."

डेल्फिननं मान हलवली आणि तो दाराकडे वळला. सालुदचा हात झग्याखालून बाहेर आला आणि ताटाच्या कडेवर गेला. चायोंगचाही गेला. हिल्दोसुद्धा, रागानं फणफणत असताना, कडेला बोटं लावून बसला. रक्तातच असतं ते. तिघंही आम्पारोकडे बघत होते, कारण या घरात कुणी उठलं की सगळ्यांत आधी फिरतं ते तिचं ताट.

आम्पारोनं ताटाला हात लावला नाही.

"बस खाली," ती म्हणाली.

डेल्फिन वहाणांपाशी थांबला.

"बस म्हणते ना. तुझी पेज अर्धी आहे. या घरातनं अर्ध्यावर उठून पुष्कळ गेले. नानाय, हात काढ ताटावरचा. कुया, तूही. कुणी जात नाहीये."

हिल्दोनं तोंड उघडलं, बहिणीचा चेहरा पाहिला आणि मिटलं. डेल्फिन आला आणि बसला. चमचा उचलला त्यानं, खानावळीतला. तो आम्पारोनं त्याच्या हातातून काढून घेतला आणि फडताळातला पाचवा, चांदीचा, आणून दिला.

मग ती टेबलाच्या टोकाला गेली. बापाच्या खुर्चीत आजवर कुणी बसलं नव्हतं. ती बसली, त्याचं ताट पुढे ओढलं, झिजलेला चमचा घेतला आणि जेवायला लागली. पेज गार झाली होती, वर साय धरली होती. ती सावकाश, शेवटच्या शितापर्यंत जेवली. चमचा खाली ठेवून तिनं ताट दोन्ही हातांनी तोंडाशी उचललं आणि आईच्या डोळ्यांदेखत चाटून साफ केलं.

"मिळाली," ती डेल्फिनला म्हणाली, आणि पोचेरो वाढायला उठली.